भुलीनंतर घसा दुखतो, तो दुखू नये म्हणून : टेबलावर काय करायचं, वॉर्डात काय करायचं

मंदगंधा (धागाकर्ती)

पित्ताशयाचं ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं, पोटावरची चार भोकं कोरडी असतात, आणि दुसऱ्या दिवशी राउंडला पेशंट पहिली तक्रार सांगतो ती घशाची. थुंकी गिळवत नाही, आवाज बसलाय. त्यावर आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे : नळी घातली होती, दुखणारच, दोन दिवसांत जाईल. बहुतेकांचं जातंही. पण ते ‘दुखणारच’ मला मान्य नाही, म्हणून हा धागा. भूलतज्ज्ञ, ओटी टेक्निशियन, सिस्टर, कान-नाक-घसावाले सगळ्यांनी आपापल्या टोकाचं लिहावं. नेमकं लिहावं, आकडे द्यावेत.

वेगवेगळ्या अभ्यासांत श्वासनलिकेत ट्यूब घातलेल्या पेशंटांमध्ये घसा दुखण्याचं प्रमाण शेकडा १२ पासून ६० च्या वर असं काहीही सापडतं. पेशंटला मुद्दाम विचारलं की त्याने आपणहून सांगितलं, यावर हा फरक थोडा अवलंबून आहे. बाकीचा फरक ट्यूब कोणती, कशी घातली, फुगा किती फुगवला आणि कशी काढली यातून येतो. म्हणजे यातलं पुष्कळसं आपल्या हातात आहे.

दुखतं कुठे, ते आधी पाहू. लॅरिंगोस्कोपचं (घशात बघून ट्यूब घालायच्या उपकरणाचं) पातं जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलच्या कमानीवर घासतं. पडजीभ ट्यूब आणि टाळू यांच्यामध्ये चिमटली जाते. ट्यूब वाकडी असल्यामुळे तिचा भार स्वरयंत्राच्या मागच्या बाजूवर पडतो. आणि सगळ्यात खाली फुगा श्वासनलिकेच्या अस्तरावर दाबून बसतो. चार जागा, चार कारणं. म्हणून एकच औषध देऊन सगळं टळत नाही.

(धाग्यात ‘फुगा’ म्हणजे ट्यूबचा कफ, श्वासनलिकेत फुगून ट्यूबच्या बाजूची गळती बंद करणारा. ‘कफ’ लिहिलं की घशातला कफ वाटतो आणि गोंधळ होतो, म्हणून फुगाच म्हणते.)

माझ्या मते महत्त्वाचा क्रम असा : ट्यूब लागतेच का, लागली तर किती जाडीची, स्नायू पुरते सैल झाले का, फुग्यातला दाब किती. औषधं त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा झालाय. गुळण्या आणि इंजेक्शनांवर चर्चा खूप होते, फुग्याचा दाब मात्र कुणी मोजत नाही.

ट्यूब लागतेच का? हर्निया, सिझेरियन, गुडघा, हाताचं फ्रॅक्चर यांत कमरेतली भूल किंवा नसेचा ब्लॉक जमण्यासारखा असेल तर घशाचा प्रश्नच मिटतो. छोट्या, पोट रिकामं असलेल्या केसमध्ये एलएमए किंवा आय-जेल (श्वासनलिकेत न जाता स्वरयंत्राच्या वर बसणाऱ्या नळ्या) चालत असेल तर दुखणं ट्यूबपेक्षा साधारणपणे कमी असतं. पण एलएमएलाही फुगा आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

जाडी (ट्यूबचा आतला व्यास, मिमीमध्ये) : बाईला ७, पुरुषाला ८ किंवा ८.५ ही जुनी सवय आहे. साध्या, काही तासांच्या ऑपरेशनला बाईला ६.५ आणि पुरुषाला ७ किंवा ७.५ पुरते. बायकांमध्ये ६ आणि ७ ची तुलना झाली आहे आणि बारीक ट्यूबवाल्यांचा घसा कमी दुखला. मोठी ट्यूब हवी तिथे हवीच : ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेची दुर्बीण) घालायचा असेल, दाट स्राव असेल, पेशंट पुढे आयसीयूत व्हेंटिलेटरवर राहणार असेल. नुसतं ‘बसतेय’ म्हणून ८ घालू नये.

थांबणं : स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर ट्यूब घालण्याआधी थांबायचं. व्हेक्युरोनियम ०.१ मिग्रॅ प्रति किलो दिल्यावर ३ मिनिटं, अ‍ॅट्राक्युरियम ०.५ दिल्यावर २ ते ३ मिनिटं, रोक्युरोनियम ०.६ दिल्यावर ६० ते ९० सेकंद. घड्याळ बघून. मास्कने शांतपणे श्वास देत राहायचं. स्वररज्जू अर्धवट मिटलेल्या असताना ट्यूब ढकलली की जे खरचटतं, ते पुढे कुठल्याही गुळण्यांनी भरून निघत नाही. सर्जन हात धुऊन उभे आहेत म्हणून तीस सेकंद वाचवायचे, हा व्यवहार पेशंटच्या खर्चाने होतो.

फुग्यावर टेक्निशियन मंडळींनी लिहावं, ते जास्त जवळून बघतात.

---

निळी टोपी

मॅडम, चांगला धागा. फुग्याबद्दल लिहितो.

नेहमीचं चित्र : १० मिलिची सिरिंज भरून तयार, ट्यूब गेली की ‘फुगा’ असा आवाज येतो, आणि सिरिंज रिकामी होईपर्यंत हवा जाते. मग बाहेरचा पायलट बलून (फुग्याला जोडलेली छोटी पिशवी) बोटाने दाबायचा आणि ‘ठीक आहे’ म्हणायचं. बोटाला २५ आणि ७० सेंटिमीटर पाणी (हे दाबाचं एकक) यांतला फरक कळत नाही. अनुभवी बोटालाही नाही, हे मोजून बघितलं तरच पटतं. ७ किंवा ७.५ च्या ट्यूबला बहुतेक पेशंटमध्ये ३ ते ५ मिलि हवेत काम होतं. सगळी १० मिलि गेली की दाब ६०, ८०, कधी १०० सेंटिमीटर पाण्याच्याही वर जातो.

हवा तो दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी. ३० च्या वर अस्तराचा रक्तपुरवठा घटायला लागतो. ५० च्या आसपास कूर्चेच्या कड्यांवरचं अस्तर पांढरं पडतं, तिथे रक्त जवळपास पोचतच नाही. २० च्या खाली गेलं की बाजूने लाळ आणि पोटातलं पाणी खाली झिरपू शकतं. म्हणून ‘जितका कमी तितका बरा’ हेही चूक.

मॅनोमीटर (फुग्याचा दाब मोजायचं घड्याळ) नसेल तर निदान हे करा : भूलतज्ज्ञ बॅग दाबून २० च्या आसपास दाब धरतात, आपण घशाशी कान किंवा स्टेथोस्कोप लावून गळतीचा आवाज ऐकायचा, आणि अर्धा-अर्धा मिलि हवा घालत आवाज थांबला की तिथेच थांबायचं. एक मिनिट जास्त लागतं.

मॅनोमीटर असेल तर तीन गोष्टी :

१. डायलवर एकक वाचा. काही डायल सेंटिमीटर पाण्यात असतात, काही मिमी पाऱ्यात. १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंटिमीटर पाणी. पाऱ्याच्या डायलवर २५ ठेवलं तर प्रत्यक्षात ३४ झालं. पाऱ्यात मर्यादा १५ ते २२.

२. नळी जोडताना फुग्यातली थोडी हवा मॅनोमीटरच्या नळीत जाते, त्यामुळे पहिलं वाचन खरं नसतं, कमी दिसतं. म्हणून आधी मॅनोमीटरची नळी बंद करून २५ पर्यंत भरायची आणि मग जोडायची. काढतानाही थोडी निसटते. मी २६-२८ वर ठेवून काढतो.

३. एकदा बघून झालं म्हणजे झालं नाही. पेशंट पालथा केला, मान मागे टाकली, दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरून डोकं खाली केलं, की दाब बदलतो. प्रत्येक बदलानंतर पुन्हा बघायचा.

---

मंदगंधा

दादा, यात नायट्रस ऑक्साइड जोडते. भुलीसाठी वापरायचा हा गॅस पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) फुग्यातून आत शिरतो. सुरुवातीला २५ ठेवलेला दाब तास-दीड तासात कुणी न शिवता चढलेला सापडतो. नायट्रस वापरत असाल तर दर ३० मिनिटांनी मोजून जास्तीची हवा काढा. किंवा फुगा हवेऐवजी सलाइनने भरा. किंवा हवा आणि ऑक्सिजनवर केस चालवा, हे सगळ्यात सोपं.

---

तिसरा टेबल

निळी टोपी, आमच्याकडे चार टेबलांना मिळून एक मॅनोमीटर, आणि तो आयसीयूत असतो. बीपीच्या घड्याळाला थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून जमतं का?

---

निळी टोपी

जमतं, पण ते घड्याळ ० ते ३०० चं. आपल्याला हवं ते १५ ते २२ त्याच्या अगदी तळाशी येतं, तिथे एक रेघ २ मिमीची आणि अचूकताही कमी. त्यातल्या त्यात बरं म्हणजे मॉनिटरचा आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (धमनीतला रक्तदाब मोजणारा सेन्सर). तो कोरडा ठेवायचा, सलाइनची प्रेशर बॅग जोडायची नाही, हवेला उघडा करून शून्य करायचा, मग थ्री-वेने एका बाजूला सिरिंज आणि एका बाजूला पायलट बलून. स्क्रीनवर मिमी पाऱ्यात आकडा येतो, १८ म्हणजे जवळपास २५ सेंटिमीटर. फ्लशचा खटका चुकूनही दाबू नका. बॅग जोडलेली असेल तर फुग्यात ३०० मिमीने पाणी जाईल.

तरीही सांगतो, प्रत्येक टेबलाला स्वतःचा मॅनोमीटर मागा. एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

---

कंठमणी

कान-नाक-घसा विभागातून लिहितोय. आमच्याकडे ऑपरेशननंतर जे पेशंट पाठवले जातात त्यांत काय दिसतं, त्यावरून काही मुद्दे.

फुगा कुठे बसलाय, हे त्यातल्या दाबाइतकंच महत्त्वाचं आहे. फुगा स्वररज्जूंच्या लगेच खाली, क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राच्या तळाच्या कूर्चेच्या) कड्यात राहिला, तर स्वरयंत्राच्या नसेची पुढची फांदी फुगा आणि थायरॉइड कूर्चा यांच्यामध्ये दाबली जाते. मग आवाज घोगरा होतो आणि दोष थायरॉइडच्या सर्जनवर किंवा नशिबावर जातो. फुग्याची वरची कड रज्जूंपासून दीड सेंटिमीटर तरी खाली हवी. बहुतेक ट्यूबवर फुग्याच्या वर काळी रेघ असते, ती रज्जूंच्या पातळीवर आली की थांबायचं. दाताशी साधारण बाईला २१, पुरुषाला २३ सेंटिमीटर. उंची कमी असेल तर त्याहून कमी, आणि दोन्ही बाजूंची हवा ऐकून खात्री करायची.

मान वाकवली की ट्यूब खाली सरकते, मागे टाकली की वर येते, दोन सेंटिमीटरपर्यंत. थायरॉइडच्या ऑपरेशनसाठी खांद्याखाली उशी देऊन मान ताणली की फुगा रज्जूंना भिडू शकतो. पोझिशन दिल्यावर पुन्हा बघा.

स्टायलेट, म्हणजे ट्यूबला आकार द्यायला आत घालतात ती तार. तार ट्यूबच्या टोकाबाहेर येता कामा नये, टोकाच्या १ ते २ सेंटिमीटर आत थांबली पाहिजे. आणि टोक रज्जूंमधून गेलं की तिथेच तार मागे घ्या, मग ट्यूब पुढे सरकवा. तार आत ठेवून पूर्ण ट्यूब ढकलली की श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीला ओरखडा पडतो. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या जास्त वाकड्या पात्याबरोबर ताठ स्टायलेट लागते, तिथे आणखी जपा : ट्यूब तोंडात जाईपर्यंत डोळे स्क्रीनवर नकोत, तोंडाकडे हवेत. टॉन्सिलच्या कमानीला आरपार भोक पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

सक्शन. घसा दुखण्याचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण. भूल उतरवताना यांकर (सक्शनची ताठ नळी) तोंडात सारून, न बघता, पूर्ण ताकदीने मागच्या भिंतीवर फिरवतात. पडजीभ त्याच्या तोंडात ओढली जाते. दुसऱ्या दिवशी ती लांब, जाड, टोकाला पांढरी झालेली दिसते आणि पेशंट म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, सारखं गिळावंसं वाटतं. सक्शन बघून करा, गालाच्या बाजूने करा, मध्यरेषेत नको, आणि पेशंट गाढ असतानाच करा.

---

तिसरा टेबल

थ्रोट पॅकबद्दल (घशात ठेवायची गॉझची पट्टी)? दातांच्या आणि सायनसच्या केसला आमच्याकडे कायम घालतात.

---

कंठमणी

‘कायम’ हा शब्द काढून टाकावा असं माझं मत आहे. पॅकने घसा जास्त दुखतो हे नक्की, आणि तो घशात विसरला गेला तर जिवावर बेततं. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या आणि घसातज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन भूलतज्ज्ञांनी तो सरसकट घालू नये असंच सांगितलं. घालायचाच असेल तर ओला करून, नीट पिळून, एक टोक तोंडाबाहेर ठेवून, कपाळावर किंवा ट्यूबवर चिकटपट्टी लावून, आणि गॉझच्या मोजणीत धरून. कोरडा पॅक अस्तराला चिकटतो आणि निघताना ते सोलून काढतो.

---

निळी टोपी

मॅडम, एक विचारायचं होतं. आमच्याकडे पद्धत अशी की ट्यूबच्या टोकाला आणि फुग्याला लिग्नोकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) जेली चोपडायची, ‘घसा बधिर राहील’ म्हणून. काही जण १० टक्क्यांचा स्प्रे फुग्यावर मारतात. याने फायदा होतो का?

---

मंदगंधा

स्प्रे तर नकोच. त्यात अल्कोहोल आणि मेंथॉल असतं, ते अस्तराला झोंबतं, घसा जास्त दुखतो, आणि फुग्याचं पीव्हीसीही खराब होऊ शकतं. जेलीचा घशाला फायदा भरवशाने दिसत नाही. बाहेरची जेली वाळून खरबरीत होते, आणि ट्यूबच्या आत गेली तर वाळून पापुद्रा होऊन नळी अडवू शकते. सलाइनने ओली केलेली ट्यूब पुरेशी सरकते.

०.०५ टक्के बीटामेथासोन या स्टेरॉइडचं जेल मात्र वेगळं आहे. टोकापासून १५ सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत पातळ हाताने, निर्जंतुक हातमोज्याने लावलेलं. त्याने दुखणं, खोकला, आवाज बसणं तिन्ही कमी झाल्याचे अभ्यास आहेत, भारतातलेही.

आता बाकीची औषधं, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

डेक्सामेथासोन (हेही स्टेरॉइड) ८ मिग्रॅ शिरेतून, ट्यूबच्या आधी. उलट्यांसाठी आपण ते देतोच, फक्त शेवटी न देता सुरुवातीला द्या. जाग्या पेशंटला जोरात देऊ नका, गुप्तांगाशी भयंकर खाज आणि आग होते. झोपल्यावर, हळू. मधुमेह असेल तर दिवसभर साखर बघावी लागते.

बेन्झिडामिन (सूज आणि दुखणं कमी करणारं गुळण्यांचं औषध) ०.१५ टक्के, १५ मिलि, तेवढ्याच पाण्यात, अर्धा मिनिट गुळण्या, भूल देण्याआधी ५ मिनिटं. थोडं झोंबतं, तोंड बधिर वाटतं. हे आधी सांगून ठेवा.

केटामिनच्या (एका भुलीच्या औषधाच्या) गुळण्या : ४० ते ५० मिग्रॅ, ३० मिलि सलाइनमध्ये. काम करतात. चव कडू, आणि गिळलं तर गुंगी येते. दुसरा चांगला पर्याय हाताशी असेल तर मी हे टाळते.

मॅग्नेशियम : गुळण्या, चघळायची गोळी किंवा वाफारा, तिन्हींचे अभ्यास आहेत आणि बरेचसे बाजूने आहेत.

लिग्नोकेन शिरेतून १ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो, ट्यूब काढण्याआधी. हे खोकला रोखतं. ट्यूब असताना फुगलेल्या फुग्यावर पेशंट दहा वेळा खोकला, की तो फुगा तितक्या वेळा रज्जूंना खालून धडका देतो.

फुग्यातच लिग्नोकेन भरणं : २ टक्क्यांचं २ मिलि आधी, मग गळती थांबेपर्यंत सोडियम बायकार्बोनेट. अल्कलीमुळे औषध फुग्यातून झिरपतं, पण त्याला तासभर तरी लागतो. छोट्या केसला उपयोग नाही. बायकार्ब १.४ टक्क्यांचं घ्या. ८.४ टक्क्यांचं असताना फुगा फुटला तर ते थेट श्वासनलिकेत सांडतं. द्रवाने भरलेल्या फुग्याला मॅनोमीटर जोडायचा नाही, हे टेक्निशियनला सांगून ठेवा.

---

गुळवेल

ज्येष्ठमधाचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. घसा म्हटलं की आपल्या घरात ज्येष्ठमधाची काडी आधी निघते, आणि इथे तर आधुनिक पद्धतीचे अभ्यासही आहेत. लखनौच्या संजय गांधी संस्थेतून २००९ मध्ये आलेला अभ्यास : अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध ३० मिलि पाण्यात, ३० सेकंद गुळण्या, भुलीच्या ५ मिनिटं आधी. घसादुखी कमी झाली. नंतर २०१३ मध्ये ऑस्ट्रियातल्या गटाने छातीच्या ऑपरेशनच्या दुहेरी ट्यूबसाठी हेच वापरलं, तुलनेला साखरेचं पाणी ठेवलं, तिथेही फायदा दिसला. दुहेरी ट्यूब जाड असते, तिने घसा जास्त दुखतो, म्हणून ही चाचणी कडक धरावी.

करताना : पावडर उकळीच्या पाण्यात टाकून निवू द्या आणि स्वच्छ दुहेरी फडक्यातून गाळा. कण घशात राहिले तर खोकला येतो, आणि भुलीच्या तोंडावर तो नको. गुळणी थुंकायची. ज्येष्ठमध पोटात जास्त गेलं की अंगात मीठ धरलं जातं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. लघवी होण्याच्या किंवा डिगॉक्सिनच्या (हृदयाच्या औषधाच्या) गोळ्या चालू असलेल्यांनी ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस रोज काढा पिणं धोक्याचं आहे. एका गुळणीने काही होत नाही.

आणि घरच्या घरी, भूलतज्ज्ञांना न सांगता हे करू नये.

---

मंदगंधा

वैद्यबुवा, शेवटच्या वाक्यासाठी खास आभार. त्याला जोडून उपाशीपणाचं स्पष्ट करते. जेवण ६ तास आधी बंद, तळकट-मांसाहारी असेल तर ८ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. रात्री दहापासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब न देणं हेही घसा कोरडा करून दुखणं वाढवतं, सिस्टरांनी यादीतली वेळ बघून पाणी द्यावं. पण लवंग, खडीसाखर, ज्येष्ठमधाची काडी, सुपारी, मिश्री यातलं काही सकाळी तोंडात नको. गुळण्या फक्त पूर्ण जाग्या, नीट थुंकू शकणाऱ्या पेशंटला. तातडीची केस, भरलेलं पोट, लहान मूल, गुंगीचं औषध दिलेला पेशंट यांना नाही.

तंबाखू-गुटख्याने ज्यांचं तोंड दोन बोटंच उघडतं त्यांनी ते आदल्या दिवशीच सांगावं. तिथे ट्यूब घालायची पद्धतच वेगळी ठरवावी लागते. ऐनवेळी कळलं की तीन-चार प्रयत्न होतात, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक घसा सुजतो. सर्दी-खोकला चालू असेल तर तेही सांगा, ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

एलएमएचं राहिलं होतं. फुग्यात ६० सेंटिमीटर पाण्याच्या खालीच दाब हवा. आकार ३ ला २० मिलि, ४ ला ३० मिलि, हे जे लिहिलेलं असतं ती कमाल आहे. तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ नाही. निम्म्याने सुरुवात करा आणि मोजा. आय-जेलला फुगाच नाही, तिथे वजनाप्रमाणे आकार बरोबर घ्या : ३० ते ६० किलोला ३, ५० ते ९० ला ४, त्यावर ५.

मुलांसाठी थोडक्यात : फुग्याची ट्यूब वय भागिले ४ अधिक ३.५, दाब २० च्या आत, आणि श्वास देताना २० ते २५ ला बारीक गळती ऐकू आली पाहिजे. ऐकूच येत नसेल तर आधी फुगा उतरवा, आणि तरीही गळती नसेल तर ट्यूब जाड आहे, बदला.

---

निळी टोपी

उपकरणं धुण्याबद्दल एक मुद्दा. पुन्हा वापरायचे सिलिकॉनचे एलएमए, गुडेलचे एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात ठेवायचे), लॅरिंगोस्कोपची पाती ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवतात. नीट धुतलं नाही तर ते द्रावण घशाला भाजतं. जीभ-ओठ सुजलेले आणि पांढरे चट्टे दिसले तर आधी धुण्याची पद्धत तपासा. निर्जंतुक पाण्याने तीनदा, दरवेळी नवीन पाणी, एलएमएच्या आतल्या पोकळीतूनही. एकदाच वापरायच्या ट्यूब पुन्हा वापरू नका. फुगा ताठर होतो, एका बाजूला जास्त फुगतो, आणि बोटाला हे कळत नाही.

---

रातपाळी

रिकव्हरी आणि वॉर्डातून.

ट्यूब काढतानाचं आधी. फुगा सिरिंजने पूर्ण रिकामा झालाय हे पायलट बलून चपटा झालेला बघूनच ओढायचं. घाईत अर्धा फुगलेला फुगा रज्जूंमधून ओढला जातो आणि स्वरयंत्रातली छोटी कूर्चा सांध्यातून निसटू शकते.

ऑक्सिजन बाटलीतून ओला करून द्या. बाटलीत निर्जंतुक पाणी खुणेपर्यंत आहे ना, ते बघा. कोरडी बाटली नुसती लटकलेली सापडते.

पेशंट पुरता जागा, खोकता येतंय, हाक मारली की उत्तर देतोय आणि सर्जनची परवानगी आहे, तर पाण्याचे छोटे घोट किंवा बर्फाचा तुकडा चघळायला. घशात बधिरीचं औषध मारलं असेल तर तासभर काहीच नाही.

विचारायची पद्धत ठरवून घ्या. २ तासांनी आणि २४ तासांनी, नोंद ० ते ३ अशी : ० काही नाही, १ विचारल्यावर थोडं दुखतं म्हणतो, २ आपणहून तक्रार करतो, ३ आवाज बदललाय किंवा खूपच दुखतं. अशी नोंद असली की कुठल्या टेबलाचे पेशंट जास्त दुखतात ते महिन्याभरात कळतं.

औषध पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला १ ग्रॅम सहा तासांनी, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, यकृताचा त्रास असेल तर कमी. सलाइनमधून चालू असेल तर तेही यातच धरायचं. गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. वाफारा देताना भांडं मांडीवर ठेवू नका. भुलीनंतर झोपाळलेला पेशंट असतो, सांडून भाजतं.

---

काळी दोन

मी आवाजाची थेरपी करते. कीर्तनकार, शिक्षक, गाणारे, कॉल सेंटरवाले यांनी भूलतज्ज्ञांना आधीच व्यवसाय सांगावा. त्यावरून ट्यूबची जाडी ठरवता येते.

नंतर दोन चुका सर्रास होतात. एक, कुजबुजत बोलणं. त्याने घशाच्या स्नायूंवर उलट ताण येतो. बोलायचं तर हळू पण साध्या आवाजात, कमी शब्द, नाहीतर कागदावर लिहा. दोन, सारखं घसा खाकरणं. सुजलेल्या रज्जू एकमेकींवर आपटतात, पुन्हा सूज येते, पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन हनुवटी जरा खाली करून गिळा.

दुखणं उतरल्यावर आवाज अजून भरड असेल तर पेल्यात पाणी घेऊन, स्ट्रॉ एक-दोन सेंटिमीटर बुडवून, ‘ऊ’ असा मऊ आवाज काढत बुडबुडे सोडा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा. थायरॉइडचं किंवा मानेचं ऑपरेशन असेल तर सर्जनला विचारून.

---

कंठमणी

कधी वाट बघत बसायचं नाही, ते लिहून ठेवतो. साधी घसादुखी पहिल्या दिवशी जास्त असते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. खालीलपैकी काही असेल तर गुळण्या करत बसू नका :

श्वास घेताना घरघर किंवा शिटी वाजणं, लाळ गिळता न येऊन बाहेर गळणं : लगेच, त्याच क्षणी.

मान किंवा छाती दुखणं, ताप, आणि मानेच्या कातडीखाली पापड मोडल्यासारखी कुरकुर हाताला लागणं : घशाला किंवा अन्ननलिकेला छिद्र पडल्याची खूण. तोंडाने काहीही द्यायचं नाही, लगेच सर्जनला कळवा.

गिळताना एकाच बाजूला कळ आणि आवाज पूर्ण फुसका : कूर्चा निसटलेली असू शकते. दुर्बिणीने लवकर बघितली तर बसवता येते. उशीर झाला की सांधा जखडतो.

आवाज दोन आठवड्यांनंतरही घोगरा : दुर्बीण हवीच.

---

तिसरा टेबल

शेवटचं एक. फुग्याचा दाब भुलीच्या कागदावर कुठे लिहायचा? आमच्या छापील फॉर्मवर रकानाच नाही.

---

मंदगंधा

ट्यूबचा आकार आणि दाताजवळची खोली जिथे लिहिता त्याच ओळीत, वेळेसह : ‘७.०, २१ सेंमी, २६, ९:४०’. पोझिशननंतर पुढचा आकडा, नायट्रस असेल तर दर अर्ध्या तासाला एक. फॉर्म पुन्हा छापायला जाईल तेव्हा रकाना घालून घ्या. तोपर्यंत समासात चालेल.